चिठ्ठीसकट दगड

लहानपणी आमचा एक खेळ होता, तो फक्त अंधारात खेळता यायचा. मुळेच्या वाळवंटातून दोन पांढऱ्या गारगोट्या वेचून आणायच्या, रात्री गोधडीत डोकं खुपसायचं आणि त्या एकमेकींवर दाबून घासायच्या. घासल्या जागी फिकट पिवळसर उजेड हलायचा, गोधडीत जळकट वास भरायचा. आजी ओरडायची, ‘गोधडी पेटवाल गं!’ तिला वाटायचं तशी ती ठिणगी नव्हती. पुढे कॉलेजात भूशास्त्र शिकताना कळलं की त्या उजेडाला घर्षणदीप्ती म्हणतात आणि गारगोट्या पाण्यात बुडवून घासल्या तरी तो दिसतो. कळल्यावर त्यातली गंमत कमी होईल अशी भीती होती. उलट मी त्याच रात्री बादलीत हात घालून बसले.

भूशास्त्र शिकवून निवृत्त झाले तेव्हा परीक्षेचे पेपर येणं थांबलं, दगड येणं थांबलं नाही. कुणी विहीर खणताना निघालेला चमकता तुकडा रुमालात बांधून आणतं, कुणी मोबाइलवर फोटो पाठवतं आणि खाली लिहितं, ‘मॅडम, हिरा आहे का?’ हिरा आजवर एकदाही निघालेला नाही. या पुस्तकाचे लेखक पहिल्यांदा आले तेही असाच रुमाल घेऊन. पण त्यांनी किंमत विचारली नाही. ‘हे एवढं नाजूक काहीतरी एवढ्या कठीण दगडाच्या पोटात शिरलं कसं?’ असं विचारलं. प्रस्तावना लिहायला मी हो म्हटलं ते त्या प्रश्नाखातर.

नव्या वाचकासाठी आधी शब्दांची उकल करते, कारण दुकानदारापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळीकडे खनिज, खडक, स्फटिक आणि रत्न हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. खडक म्हणजे चिवडा समजा, खनिज म्हणजे त्यातला शेंगदाणा. चिवड्यात काय किती घालायचं हे घराघरावर असतं, शेंगदाणा मात्र सगळीकडे शेंगदाणाच. खनिज निसर्गात तयार झालेलं असावं लागतं, त्याची रासायनिक घडण ठरलेली असते आणि आतले अणू शिस्तीत रचलेले असतात. ती आतली शिस्त बाहेर सपाट पैलूंच्या रूपात दिसली की आपण त्याला स्फटिक म्हणतो. दोऱ्यावर धरलेली खडीसाखर स्फटिक आहे, पण खनिज नाही, कारण ती कारखान्यात झाली. सैंधव दोन्ही आहे. जीवाश्माची गोष्ट निराळी. तिथे कधीकाळच्या जिवाचं हाड, पान, शिंपला किंवा नुसतं पाऊल दगडात उरलेलं असतं, आणि पुष्कळदा मूळ पदार्थ जाऊन त्याच्या जागी खनिजच बसलेलं असतं. म्हणून खनिजं आणि जीवाश्म गोळा करण्याची ही दोन्ही वेडं एका कपाटात सुखाने नांदतात.

मराठी माणसाला खनिजं परकी नाहीत. ती परकी आहेत असं त्याला वाटतं, एवढंच. एखाद्या गोष्टीवर आपण हरताळ फासतो तेव्हा पिवळ्या जर्द आर्सेनिकच्या खनिजाचं नाव घेत असतो. पोथीत चुकीचं अक्षर झाकायला लेखनिक ते लावत. हिंगूळ, मनशीळ, मोरचूद, अभ्रक, गेरू ही नावं आजीच्या बटव्यात आणि वैद्याच्या कपाटात होती. रांगोळीचा शिरगोळा नखाने ओरखडतो, कारण तो सगळ्यांत मऊ खनिजांपैकी आहे. सोनाराचा कस म्हणजे तर आजही प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात ती रेघेची परीक्षा. खनिज खरखरीत पांढऱ्या फरशीवर ओढायचं आणि उमटलेल्या रेघेचा रंग बघायचा, कारण दगडाचा वरचा रंग फसवतो, पुडीचा सहसा फसवत नाही.

याहून जवळचं उदाहरण देवघरात आहे. पंचायतनात विष्णू म्हणून शाळिग्राम, शिव म्हणून नर्मदेतला बाण, गणपती म्हणून शोणेचा तांबडा दगड, सूर्य म्हणून स्फटिक आणि देवी म्हणून सुवर्णमुखीचा धातूसारखा चमकणारा दगड. पाच दगड, आणि त्यांतल्या बहुतेकांचं गाव किंवा नदी ठरलेली. शाळिग्राम तर उघडउघड जीवाश्म आहे. समुद्रात राहणाऱ्या ॲमोनाइट नावाच्या, माकूळच्या लांबच्या नातलग प्राण्याचं ते वेटोळं कवच. जिथे आज गंडकी वाहते तिथे जुरासिक काळात समुद्र होता, त्याचा गाळ हिमालयाबरोबर वर उचलला गेला आणि नदीने तो फोडून काढला. भाविकाला त्या वेटोळ्यात चक्र दिसलं, ग्रीकांना अमोन देवाच्या मेंढ्याचं शिंग. दोघांनीही दगड जपून ठेवला आणि तो कुठून आला हे लक्षात ठेवलं. संग्राहकाचं अर्धं काम इथेच झालं, असं माझं म्हणणं आहे.

दगड पारखण्याची लेखी परंपराही आपल्याकडे जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खजिन्यात येणाऱ्या रत्नांची परीक्षा आहे आणि खाणींवर देखरेख करणारा आकराध्यक्षही आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हिरा, मोती, माणिक यांच्यावर अध्याय आहेत. पण ही सगळी दृष्टी मोलाची. दगड शुभ की अशुभ, खरा की खोटा, राजाच्या कामाचा की नाही, एवढंच ती विचारते. व्यापाराचं मात्र तिला उत्तम भान होतं. इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून भडोच बंदरापर्यंत वीस दिवसांच्या वाटेने गाड्या भरभरून अकीकासारखे दगड जात, अशी नोंद आहे. खंबायतचे कारागीर आजही अकीक भाजून त्याचा तांबडा रंग खुलवतात. हडप्पाच्या मण्यांमागचं कसबही तेच.

दगड झाला कसा, हा प्रश्न जगात उशिरा आला. १५४६ साली जर्मन वैद्य अ‍ॅग्रिकोला याने ‘फॉसिल’ हा शब्द पुस्तकाच्या नावात वापरला तेव्हा त्याचा अर्थ ‘खणून काढलेलं काहीही’ एवढाच होता. त्यात धातूही आले आणि शिंपलेही. त्यानंतर शतकभराने डेन्मार्कचा निकोलस स्टेनो इटलीत एका शार्कचं डोकं फाडून बघत होता. लोक ज्यांना दगडी जिभा म्हणत ते खरे शार्कचे दात आहेत, हे त्याच्या लक्षात आलं. १६६९च्या त्याच्या छोट्या पुस्तकात दोन मोठ्या गोष्टी आहेत. गाळाचे थर एकावर एक बसतात, म्हणजे खालचा थर आधीचा. आणि गारेचा स्फटिक लहान असो की मोठा, वाकडा असो की सुबक, त्याच्या पैलूंमधला कोन बदलत नाही. एकाच माणसाने जीवाश्मशास्त्राचा आणि स्फटिकशास्त्राचा पाया घातला, ही गोष्ट या पुस्तकाच्या विषयाला चांगली शोभते.

पुढची वाट थोडक्यात सांगते. फ्रान्सच्या आउईच्या हातून एक कॅल्साइट पडून फुटला अशी आख्यायिका आहे. तुकड्यांचे आकार सारखेच निघाले आणि स्फटिक हा लहान ठोकळ्यांची रास असतो, ही कल्पना त्याला सुचली. फ्रायबर्गच्या खाणशाळेत वेर्नरने डोळ्यांनी, बोटांनी, नाकाने खनिज ओळखायची पद्धत घडवली. १८१२ साली मोहसने कठीणपणाची दहा पायऱ्यांची शिडी मांडली, शिरगोळ्यापासून हिऱ्यापर्यंत. खिशातलं तांब्याचं नाणं आणि पेनचाकू घेऊन तुम्ही आजही तिच्यावर चढू शकता. ‘काळ्या दगडावरची रेघ’ कुणी मारली यावरून ती किती काळ टिकेल हे त्या शिडीवर कळतं. १८३७ साली अमेरिकेच्या डाना यांचा मोठा ग्रंथ आला. पुढे त्यांनी रासायनिक घडणीवरून वर्गवारी रूढ केली. आणि १९१२ साली लाउए यांनी स्फटिकातून क्ष-किरण सोडून आतल्या अणूंची ओळ दाखवली तेव्हा आउईचा ठोकळा, थोडा बदलून, खरा निघाला. आज खनिजांच्या सुमारे ६,००० जातींना आंतरराष्ट्रीय मान्यता आहे. त्यांतल्या शंभरएक जाती ओळखता आल्या तरी रस्त्यावरून चालणं कायमचं बदलतं.

या इतिहासात गोळा करणारे लोक नेहमी मागे पडतात. इंग्लंडच्या लाइम रीजिस गावात मेरी ॲनिंग कोसळत्या कड्यांखालून जीवाश्म वेचून पर्यटकांना विकत असे. तिने शोधलेल्या इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर यांच्यावर विद्वानांनी लेख लिहिले. लंडनच्या भूशास्त्र संस्थेत तिला स्त्री म्हणून प्रवेश नव्हता. वडार समाजातल्या एखाद्या खाणकामगार बाईने सुरुंगानंतर पोकळीत हात घालून पहिल्यांदा निळा स्फटिक पाहिला असेल, तिचं नाव तर नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवरही नसतं. हे मी लेखकांशी भांडून इथे लिहिते आहे. त्यांच्या मते प्रस्तावनेत रडगाणं नको.

संग्राहकांमध्ये पंथ आहेत आणि ते एकमेकांना फारसं मानत नाहीत. पद्धतशीर गोळा करणाऱ्याला प्रत्येक जातीचा एक नमुना हवा असतो. तो करडा, कुरूप, मुगाएवढा असला तरी चालतो. सौंदर्यपंथीय माणूस म्हणतो, करडा दगड मला रस्त्यावरही दिसतो. त्याला अखंड टोक, पारदर्शकता, खडकावर नेमकी बसलेली जोडी हवी. तिसऱ्याला एकाच ठिकाणचं सगळं हवं, अगदी तिथला निरुपयोगी तुकडासुद्धा. सूक्ष्मदर्शकवाले तांदळाएवढे स्फटिक इवल्या डब्यांत ठेवतात. त्यांच्याकडे सगळ्यांत परिपूर्ण आकार असतात, कारण लहान स्फटिकाला वाढताना शेजाऱ्याचा धक्का बसत नाही. जीवाश्मवाल्यांत शास्त्रज्ञ आणि व्यापारी यांचं भांडण जुनं आहे. शिकागोच्या फील्ड म्युझियमने १९९७ साली ‘स्यू’ नावाचा टी-रेक्स ८३ लाख डॉलरहून अधिक मोजून लिलावात घेतला. २०२४ साली एक स्टेगोसॉरस ४ कोटी ४६ लाख डॉलरला गेला. असे आकडे बघून माझ्या ओळखीचे शास्त्रज्ञ खिन्न होतात आणि विक्रेते उत्साहित. माझा कल तिसऱ्या पंथाकडे, स्थळवाल्यांकडे आहे. त्याचं कारण पुढे येईलच.

स्थळ म्हटलं की आपल्या घरचं स्थळ घ्यावं लागतं, आणि इथे नम्रता दाखवायचं कारण नाही. जगातल्या मोठ्या खनिजसंग्रहालयांत ‘पूना’, ‘नासिक’, ‘जळगाव’ ही नावं चिठ्ठ्यांवर असतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमीन भेगाळली आणि लाव्हाचे थरावर थर पसरले. आज उरलेलं क्षेत्रच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि सह्याद्रीत थरांची जाडी २ किलोमीटरच्या आसपास जाते. लाव्हा थंड होताना त्यातले वायू बुडबुड्यांनी निसटू बघतात. आंबोळीला जाळी पडते तशी थराच्या वरच्या अंगाला जाळी पडते. काही भोकं मोहरीएवढी, काही इतकी मोठी की आत माणूस उभा राहावा. मग कोट्यवधी वर्षं कोमट-गरम पाणी या जाळीतून झिरपत राहिलं. त्याने खडकातून सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम उचललं आणि पोकळीच्या भिंतीवर सावकाश उतरवलं. खडीसाखर दोन-चार दिवसांत धरते. इथली घाई त्या मानाने फारच कमी होती. पुष्कळ पोकळ्यांमधले स्फटिक तर लाव्हा निवल्यावर एक-दोन कोटी वर्षांहूनही उशिरा वाढलेले आहेत.

या पोकळ्यांतलं मुख्य कुटुंब म्हणजे झिओलाइट. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट याने एक खनिज फुंकनळीच्या ज्योतीत धरलं तेव्हा ते उकळल्यासारखं फसफसलं. म्हणून नाव पडलं ‘उकळणारा दगड’. त्याच्या अणूंची रचना मधाच्या पोळ्यासारखी पोकळ असते, त्या घरांत पाणी बसलेलं असतं आणि तापवलं की निघून जातं. स्टिल्बाइटच्या पीच रंगाच्या, मधे आवळलेल्या पेंढीसारख्या जुड्या, ह्युलँडाइटची मोतिया चमक, स्कोलेसाइटच्या पांढऱ्या सुयांचे फवारे, हे सगळं यातलंच. अपोफिलाइट काटेकोरपणे झिओलाइट नव्हे, पण त्यांच्याच घरात वाढलेला. पुण्याजवळच्या पाषाणच्या खाणी आणि नाशिकची पांडवलेणी इथला हिरवा अपोफिलाइट जगभर गाजला. त्याला हिरवा रंग व्हॅनेडियमच्या अंशाने येतो. त्याच व्हॅनेडियमने वाघोलीला आणखी एक चमत्कार दिला, कॅव्हन्साइट. हे खनिज पहिल्यांदा १९६७ साली अमेरिकेच्या ओरेगनमध्ये सापडलं. पण त्याचे मोरपिशी निळे गोळे पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले वाघोलीच्या खाणीतून निघाले, तेव्हा ओरेगनचे नमुने फिके पडले. मुंबईच्या कांदिवलीच्या खाणीतला प्रेहनाइट, कापसाच्या बोंडासारखा ओकेनाइट, सिन्नरजवळच्या महोदरीचे पिवळे फ्लोराइटचे गोळे, यांची यादी करत बसले तर लेखकांना पुस्तकात लिहायला काही उरणार नाही.

हे सगळं उजेडात आणलं ते सुंदर दगड शोधणाऱ्यांनी नव्हे. एकोणिसाव्या शतकात भोर घाटात आणि थळ घाटात लोहमार्गासाठी डोंगर फोडला तेव्हा झिओलाइटचे ढीग निघाले. त्यानंतर विहिरी, धरणं, रस्ते आणि मुख्य म्हणजे खडी. शहराला काँक्रीट हवं म्हणून सुरुंग लागतो, सुरुंगातून पोकळी उघडते आणि क्रशरमध्ये जाण्याआधी कुणीतरी तो तुकडा बाजूला काढतो. बाजूला काढला नाही तर तो कुणाच्या तरी स्लॅबमध्ये आहे. पुण्याच्या अर्ध्या इमारतींत किती स्टिल्बाइट असेल, या विचाराने मला कधीकधी रात्री झोप येत नाही.

एकोणिसाव्या शतकात नावं देण्याचीही हौस होती. पुण्याच्या परिसरातल्या एका सुईदार खनिजाला इंग्लंडमध्ये ‘पूनालाइट’ म्हणाले. नंतर कळलं, तो आधीच ठाऊक असलेला मेसोलाइट. सह्याद्रीच्या नावानेही एक खनिज निघालं, तेही स्टिल्बाइटच ठरलं. दोन्ही नावं रद्दीत गेली. मला त्याचं थोडं वाईट वाटतं, हे शास्त्राला धरून नाही.

जीवाश्मांच्या बाबतीत आपण गरीब आहोत असा समज आहे, कारण लाव्हात जीव टिकत नाही. पण लाव्हाच्या दोन लोटांमध्ये हजारो वर्षांची उसंत असे. तेवढ्यात तळी साचत, झाडं वाढत, बेडूक अंडी घालत. मग पुढचा लोट येऊन सगळं झाकून टाकी. मुंबईत वरळीच्या टेकडीतल्या अशाच थरात इवल्याशा बेडकांचे सांगाडे सापडले आणि रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. नागपूरजवळच्या टाकळीचे आणि आसपासचे जीवाश्म मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केले. विद्यार्थी ज्यांच्या नावाच्या कॉलेजात जातात त्यांचा हा उद्योग किती जणांना ठाऊक असतो? चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला शेतांमध्ये डायनोसॉरची हाडं आणि त्याहून विपुल त्यांची दगड झालेली विष्ठा मिळते. ऐकून नाक मुरडू नका. २००५ साली शास्त्रज्ञांनी त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण दाखवले. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं, असं तोवर पाठ्यपुस्तकं सांगत होती. विदर्भातल्या शेणगोट्यांनी ती दुरुस्त करून घेतली.

आता माझा कल स्थळवाल्यांकडे का, त्याचं कारण. पिसदुऱ्याचा तो गोटा कुणाच्या शोकेसमध्ये ‘डायनोसॉर, भारत’ अशा पाटीखाली असता तर गवताची गोष्ट कुणी सांगू शकलं नसतं. कोणत्या शेतातला, कोणत्या थरातला, कुणी कधी उचलला, हे माहीत होतं म्हणून तो पुरावा झाला. उलट बाजूही आहे. १९८९ साली ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की एका भारतीय प्राध्यापकाने हिमालयातले म्हणून वर्षानुवर्षं प्रसिद्ध केलेले कित्येक जीवाश्म हिमालयातले असूच शकत नाहीत, काही तर परदेशी दुकानांत मिळणाऱ्या मोरोक्कोच्या मालाशी हुबेहूब जुळत होते. दगड खरे होते, खोटी होती ती चिठ्ठी. तेवढ्यावर हिमालयाच्या भूशास्त्रातले कितीतरी निष्कर्ष पुन्हा तपासावे लागले.

चिठ्ठीचा धडा मी स्वतःही महागात शिकले. एका दिवाळीआधी घराला रंग काढला होता. कपाटातले नमुने मी घाईघाईत एका घमेल्यात काढले आणि चिठ्ठ्या एका पाकिटात भरल्या, नंतर लावू म्हणून. पाकीट रद्दीबरोबर गेलं. सेहेचाळीस नग, त्यांतले बारा-तेरा मी आठवणीने ओळखले. बाकीचे आजही देखणे आहेत. पाहुण्यांची मुलं त्यांच्याशी खेळतात. विद्यार्थ्यांपुढे मात्र मी ते ठेवत नाही, कारण ‘हा कुठला?’ या पहिल्याच प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

हे पुस्तक आताच का हवं, याचंही उत्तर चिठ्ठीतच आहे. पाषाणच्या जुन्या खाणींभोवती वस्ती आली, वाघोलीत खाणींच्या कडेने इमारती चढल्या. ज्या जागेचं नाव जगातल्या चिठ्ठ्यांवर आहे, ती जागा पाहायला गेलं तर सोसायटीचं गेट दिसतं. जुनी ठिकाणं बंद होतात, नवे महामार्ग नवे डोंगर फोडतात, आणि नवी पोकळी आठवडाभर उघडी राहून बुजून जाते. त्या आठवडाभरात तिथे एक जाणता माणूस असावा, एवढीच अपेक्षा आहे. तो भूशास्त्रज्ञ असायला हवा असं नाही. ग्रामसेवक चालेल, जेसीबीवाला चालेल, दहावीतली मुलगी तर उत्तम. कायद्याची बाजूही अधांतरी आहे. भूवारसा स्थळं आणि अवशेष जपण्यासाठी केंद्राने २०२२च्या डिसेंबरात विधेयकाचा मसुदा काढला, पण मसुदा दगड राखत नाही. तोवर संग्राहकाचा विवेक हीच राखण. खाजगी जागेत मालकाला विचारा, संरक्षित जागेतून काही उचलू नका, आणि हाड किंवा अंडं दिसलं तर हात न लावता फोटो काढून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किंवा जवळच्या विद्यापीठाला कळवा. स्फटिक खाणीतून वाचवावा लागतो, जीवाश्म बहुधा आपल्यापासून.

बाजार वाढला आहे तशी फसवणूकही. भाजलेला जांभळा अमेथिस्ट पिवळा होऊन सिट्रिन म्हणून विकला जातो, अकीक रंगवतात, राळेचे ट्रायलोबाइट ओततात, निळा कॅव्हन्साइट भलत्याच खडकावर गोंदाने चिकटवतात. यावर पुस्तकात जे आहे ते दुकानात जाण्याआधी वाचावं. स्फटिक उशाखाली ठेवल्याने मन शांत होतं की नाही या वादात लेखक पडलेले नाहीत, आणि ते बरं केलं. आपल्याकडचा बराच अपोफिलाइट आज त्याच गिऱ्हाइकाकडे जातो, हे मात्र विसरता येत नाही. त्या गिऱ्हाइकाला गावाचं नाव नको असतं, म्हणून खाणीवरच्या माणसानेही ते सांगायचं सोडलं आहे. माझी तक्रार एवढीच आहे. शांत मनाबद्दल काही नाही.

पुस्तकाचा बाज सांगायचा तर हा कोश नाही. भपकेदार फोटोंचा अल्बमही नाही. फोटो आहेत, पण त्यांत दगडाशेजारी मोजपट्टी आहे. लेखक तुम्हाला घरातल्या वस्तूंनी सुरुवात करायला लावतात. भिंग, चुंबक, लोखंडी खिळा, बिनझिलईच्या फरशीचा तुकडा, व्हिनेगर. कॅल्साइटची पूड व्हिनेगरमध्ये फसफसते आणि गारेची फसफसत नाही, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पांढऱ्या दगडांची भीती जाते. जतनाबद्दल त्यांनी सविस्तर लिहिलं आहे, आणि तिथे अनुभव बोलतो. लोमोंटाइट कोरड्या हवेत पाणी गमावून पिठासारखा ढासळतो, ओकेनाइटच्या बोंडाला एकदा बोट लागलं की तो बसतो तो उठत नाही. नावांच्या बाबतीत त्यांनी जिथे मराठी शब्द जिवंत आहे तिथे तो घेतला, जिथे नाही तिथे इंग्रजी नाव देवनागरीत लिहिलं आणि पुढे गेले. संस्कृतातून नवी नावं घडवण्याचा मोह टाळला. याबद्दल काही विद्वान त्यांना धारेवर धरतील. मी त्यांच्या बाजूने उभी राहीन, फक्त ‘क्वार्ट्झ’च्या जागी त्यांनी सगळीकडे ‘गार’ लिहावं असा माझा हट्ट होता आणि तो त्यांनी अर्धाच मानला.

मोठा संग्रह एकदा डोळे भरून बघायचा असेल तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय आहे. पुस्तक वाचून झाल्यावर जा, आधी गेलात तर नुसते दिपाल. स्वतःचा संग्रह मात्र एका दगडापासून सुरू करा, आणि घरी आणण्याआधी, उचलल्या जागीच, कागद काढा.

हे लिहायला बसले त्या आठवड्यात मी माळ्यावरची जुनी पेटी उतरवली. तळाशी कापडात गुंडाळलेल्या त्या दोन गारगोट्या निघाल्या, घासून एका अंगाला चपट्या झालेल्या. त्यांना चिठ्ठी कधीच नव्हती. लेखकांनी पुस्तकात दिलेला नमुना समोर ठेवून मी ती लिहिली. ‘गार, दोन नग. मुळा नदीचं वाळवंट, राहुरीच्या वरच्या अंगाला, जिल्हा अहिल्यानगर. वेचल्याचं साल १९६६ किंवा ६७. अंधारात घासल्यास उजेड देतात. ती जागा आता धरणाच्या पाण्याखाली आहे.’